व्यवहाराची ओळख सहीच्या वळणावरून ठरू नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आभासी चलनांच्या सुरक्षिततेवर आलेला लेख आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयात विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचला आणि त्यातल्या एका परिच्छेदावरून वर्गात बरीच चर्चा झाली. बिटकॉइनच्या व्यवहारावरची डिजिटल सही तिऱ्हाईत माणसाला बदलता येते, त्यामुळे रक्कम आणि ती घेणाराही बदलता येतो, आणि हा दोष आजही जसाच्या तसा आहे, असे त्या परिच्छेदाचे म्हणणे होते. यातला पहिला भाग एका मर्यादित अर्थाने खरा आहे, दुसरा साफ चुकीचा आहे आणि तिसरा अर्धवट आहे. या दोषाला ट्रान्झॅक्शन मॅलिएबिलिटी म्हणतात. तो कसा निर्माण झाला आणि कसा दूर केला गेला, हे मी गेली काही वर्षे संगणकशास्त्राच्या वर्गात शिकवतो. वाचकांपर्यंत चुकीचे चित्र जाऊ नये, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. आभासी चलनात कुणी पैसे घालावेत असे मला मुळीच सुचवायचे नाही. तो निर्णय ज्याचा त्याने, नफ्यावरचा ३० टक्के कर आणि त्यातली जोखीम ध्यानात घेऊन करायचा आहे.

आधी मूळ रचना पाहू. बिटकॉइनच्या व्यवहारात पूर्वी मिळालेली कोणती नाणी खर्च करायची, ती कोणाच्या पत्त्यावर किती द्यायची, आणि हे मालकाने मान्य केल्याची सही, असा मजकूर असतो. या सगळ्या मजकुरावर शा-२५६ ही हॅश प्रक्रिया, म्हणजे कोणत्याही मजकुराचा ठरलेल्या लांबीचा ठसा काढणारे गणित, दोनदा चालवून ६४ अक्षरी क्रमांक काढतात. तोच त्या व्यवहाराचा ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे त्याची ओळख. सही कोणती नाणी कुणाला जाणार यावर शिक्कामोर्तब करते, पण सही स्वतःवर सही करू शकत नाही. तरीही मूळ रचनेत क्रमांक काढताना ती सहीसुद्धा हिशेबात धरली जात होती, आणि सगळी गफलत इथेच होती. समजा, हिंगणघाटच्या बाजार समितीत कापूस विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबपट्टीवर छापील क्रमांकच नसता, आणि शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव, रक्कम आणि खाली केलेली सही तिच्या प्रत्येक फराट्यासकट, अशा त्या कागदावर उमटलेल्या सगळ्या मजकुरावरून क्रमांक काढायचा असता, तर सहीखालची रेघ कुणी जरा लांबवली तरी वजन, भाव आणि रक्कम तशीच राहून क्रमांक मात्र पार बदलला असता. बिटकॉइनमध्ये नेमके हेच होत होते. रक्कम बदलत नव्हती, घेणारा बदलत नव्हता, बदलत होता तो क्रमांक.

सही खाजगी चावीशिवाय, म्हणजे सही करण्यासाठी फक्त मालकाकडे असलेल्या गुप्त संख्येशिवाय, बदलता येते हे ऐकून कुणालाही धक्का बसेल, म्हणून त्यामागचे गणित सांगणे भाग आहे. बिटकॉइनच्या जुन्या पद्धतीत सही म्हणजे आर आणि एस या दोन प्रचंड संख्यांची जोडी असते. ज्या वक्रावर हे गणित चालते तो क्ष-अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, आणि सही तपासताना मिळालेल्या बिंदूचा फक्त क्ष-निर्देशक पाहिला जातो. त्यामुळे बिंदू वरचा असो की त्याचे खालचे प्रतिबिंब असो, तपासणीत दोन्ही खरे ठरतात. परिणामी, त्या वक्राची एन ही जी ७८ अंकी ठरलेली संख्या आहे, तिच्यातून एस वजा करून आलेली संख्या एसच्या जागी ठेवली, तरी सही वैधच राहते. वजाबाकी कुणालाही येते. त्यासाठी चावी लागत नाही.

आमच्या संगणक कक्षात विद्यार्थी हे पायथॉनमध्ये स्वतः करून पाहतात. नेटवर्कवर काहीच पाठवायचे नसते, सरावाचा व्यवहार घेऊन फक्त आकडेमोड करायची असते. वजाबाकी केल्यावर एस सहसा अशी मोठी होते, की ती लिहिताना पुढे शून्याचा एक जादा बाइट द्यावा लागतो. मग सहीची लांबी एकाने वाढते आणि तिच्याआधी लांबी सांगणारे जे आकडे असतात, त्यांतही एकेक वाढवावा लागतो. हे विसरलेला विद्यार्थी हमखास अडकतो, आणि अडकल्यावरच त्याला व्यवहाराचा एकेक बाइट कुठे बसतो ते नीट समजते. आकडे दुरुस्त झाले की पडताळणीचे उत्तर दोन्ही सह्यांसाठी ‘ट्रू’ येते, रक्कम आणि पत्ता तसूभरही हललेले नसतात, आणि दोन क्रमांक एकाखाली एक लिहिले तर त्यांचे एकमेकांशी काही नाते आहे असे कुणालाही वाटणार नाही. रक्कम वाढवून पाहू म्हणणारेही असतातच. तिथे मात्र उत्तर ‘फॉल्स’ येते, कारण रक्कम सहीने बांधलेली असते. आपल्या लेखातला दुसरा दावा चुकीचा कसा, ते या एका प्रयोगातून स्पष्ट होते.

मग रक्कम सुरक्षित असेल तर बिघडले कुठे? व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे साखळीसारख्या जोडलेल्या सामायिक नोंदवहीच्या एका पानावर, नोंदला जाईपर्यंत तो नेटवर्कमधल्या अनेक नोडमधून, म्हणजे व्यवहार तपासून पुढे पाठवणाऱ्या संगणकांतून, फिरत असतो. त्या वाटेवर कुणीही त्याची वेगळ्या क्रमांकाची प्रत तयार करून पुढे पाठवू शकत होता. दोन्ही प्रती तीच नाणी खर्च करतात, म्हणून नोंद त्यांपैकी एकीचीच होते. घेणाऱ्याला पैसे एकदाच आणि बरोबर मिळतात. पण पाठवणाऱ्याचे सॉफ्टवेअर मूळ क्रमांकाचीच वाट पाहत बसले आणि तो दिसला नाही म्हणून व्यवहार फसला असे समजून त्याने दुसरी नाणी वापरून रक्कम पुन्हा पाठवली, तर त्याचे पैसे दुप्पट जातात. घेणाऱ्याने मुद्दाम क्रमांक बदलून ‘पैसे मिळाले नाहीत’ अशी तक्रार केली, तर ही फसवणूक होते. नेटवर्कच्या नोंदी तेव्हाही खऱ्याच असतात, चुकलेला असतो तो पाठवणाऱ्याचा हिशेब.

माउंट गॉक्स या बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या टोकियोतील बाजाराने २०१४ मध्ये याच दोषाकडे बोट दाखवले होते. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याने नाणी काढून देणे थांबवले, १० फेब्रुवारीला या दोषाचे कारण पुढे केले आणि २८ फेब्रुवारीला न्यायालयात दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,००,००० पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील क्रिस्टियन डेकर आणि रॉजर वाटेनहोफर यांनी नेटवर्कवर आधीपासून साठवलेल्या नोंदी त्याच वर्षी तपासल्या आणि दाखवून दिले, की व्यवहार थांबवण्यापूर्वी या मार्गाने त्या बाजारातून फार तर ३८६ बिटकॉइन गेले असतील. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२३ मध्ये खुल्या केलेल्या आरोपपत्रातही २०११ पासून चाललेल्या घुसखोरीचा आणि चोरीचा आरोप आहे. म्हणजे ज्या दोषावर एवढ्या मोठ्या बुडिताचे खापर फुटले, तो दोष खरा होता, पण बुडित त्याने झाले नव्हते. आपल्या लेखात ही दोन विधाने एकमेकांत मिसळली आहेत आणि बहुतेक वृत्तांतही आजवर तेच करत आले आहेत, याचा मला मनापासून खेद वाटतो.

हा दोष जाणकारांना २०११ पासूनच ठाऊक होता. तो दूर करण्याचा पहिला मार्ग म्हणजे बदलाच्या एकेक वाटा बुजवत जाणे. पीटर वुइले यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या बीआयपी ६२ या प्रस्तावात (बीआयपी म्हणजे बिटकॉइनमधील सुधारणेचा क्रमांकित प्रस्ताव) अशा नऊ वाटा नोंदवल्या होत्या. सही लिहिण्याच्या ढिल्या पद्धती, सहीच्या जागेत घुसवता येणाऱ्या निरुपयोगी सूचना, वर सांगितलेली एसची अदलाबदल, अशा त्या होत्या. त्यांतली एक बीआयपी ६६ ने बुजवली आणि सही एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहिण्याचे बंधन जुलै २०१५ मध्ये लागू झाले. ते लागू होताच ४ जुलैला, नवे ब्लॉक न तपासताच त्यांच्यापुढे साखळी वाढवत नेणाऱ्या काही मायनरांमुळे, म्हणजे मोबदल्यासाठी नवे ब्लॉक तयार करणाऱ्यांमुळे, सहा ब्लॉकची एक अवैध साखळी तयार झाली. एवढ्याशा बदलालाही किती जपावे लागते ते यातून दिसले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुणीतरी एस बदलून असंख्य व्यवहारांचे क्रमांक बदलवले, तेव्हा मोठी एस असलेले व्यवहार पुढे न पाठवण्याचा नियम बिटकॉइन कोअर या नोडवर चालणाऱ्या प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत आला.

तरीही नववी वाट उरतच होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. चावी ज्याच्याकडे आहे तो माणूस त्याच मजकुरावर हवी तितक्या वेळा नवी सही करू शकतो, आणि दर वेळी क्रमांक वेगळा येतो. तिऱ्हाईताला कितीही नियमांनी बांधले, तरी सही करणाऱ्याला कसे बांधणार? एकट्याच्या व्यवहारात त्याने फारसे बिघडत नाही. दोघांच्या व्यवहारात मात्र सगळेच बिघडते.

समजा, दोन पक्षांनी नाणी अशा सामायिक पत्त्यावर ठेवायची ठरवली, की दोघांच्याही सह्या असल्याशिवाय ती हलणार नाहीत. समोरचा पुढे सही द्यायला नाकबूल झाला तर आपली नाणी कायमची अडकतील, ही भीती रास्त आहे. म्हणून नाणी जमा करण्यापूर्वीच ती परत देणारा दुसरा व्यवहार लिहून त्यावर दोघांच्या सह्या घेऊन ठेवायच्या. पण परताव्याच्या त्या व्यवहारात ‘अमुक क्रमांकाच्या व्यवहारातील नाणी’ असा उल्लेख करावा लागतो, आणि जमा करणारा व्यवहार तर अजून नोंदलाच गेलेला नसतो. वाटेत त्याचा क्रमांक बदलला, तर आधी सही करून ठेवलेला परतावा अस्तित्वातच नसलेल्या व्यवहाराकडे बोट दाखवत राहतो. तो कागद मग निकामी ठरतो, नाणी सामायिक पत्त्यात अडकतात आणि समोरच्याला ‘एवढे सोडा, मग सही देतो’ असे म्हणण्याची ताकद मिळते. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ मध्ये मांडलेली लाइटनिंग नेटवर्कची कल्पना, म्हणजे छोटे व्यवहार दोघांत झटपट करून शेवटचा हिशेब तेवढा साखळीवर नोंदवणे, अशाच आधी सही करून ठेवलेल्या व्यवहारांच्या मालिकेवर उभी आहे. त्यासाठी क्रमांक सहीच्या आधीच ठरणे आणि नंतर कुणालाही, सही करणाऱ्यालासुद्धा, तो बदलता न येणे आवश्यक होते.

वाटा बुजवत बसण्याने हे साधणारे नव्हते, आणि बीआयपी ६२ मागे घेतला गेला. त्याच्या जागी आलेला उपाय मला या क्षेत्रातल्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या दुरुस्त्यांपैकी एक वाटतो. एरिक लोम्ब्रोझो, जॉन्सन लाउ आणि पीटर वुइले यांच्या बीआयपी १४१ ने सह्या व्यवहाराच्या मूळ मजकुरातून उचलून शेजारी वेगळ्या जागी ठेवल्या. या रचनेला सेग्विट म्हणतात. आता क्रमांक काढताना आवृत्ती, खर्चायची नाणी, देण्याचे पत्ते, रकमा आणि नोंदीची वेळमर्यादा एवढेच धरले जाते. सही क्रमांकाच्या हिशेबात येतच नाही. मग ती कितीदाही करा, उलटसुलट लिहा, ओळख तीच राहते. सही हिशेबातून काढली म्हणून ती निराधार होऊ नये, यासाठी सहीसकटचा एक दुसरा क्रमांकही काढतात आणि ब्लॉकमधल्या अशा सगळ्या क्रमांकांचा एकत्रित ठसा मायनरच्या मोबदल्याच्या व्यवहारात नोंदवतात. म्हणजे दोन्ही कामे दोन जागी पार पडतात. काय ठरले ते एका क्रमांकाने ओळखायचे, आणि ते कुणी कसे मान्य केले याचा पुरावा दुसऱ्याने जपायचा. मूळ रचनेत ही दोन कामे एकाच क्रमांकावर लादली होती.

त्यातही जुनी सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांना बाहेर न काढता हा बदल करता आला, कारण जुन्या नोडला असे व्यवहार सहीची अट नसलेले पण वैधच दिसतात आणि नवे नोड सही काटेकोरपणे तपासतात. प्रत्यक्ष स्वीकारावरून मात्र मोठा वाद झाला. नोव्हेंबर २०१६ पासून मायनरांचे कौल घेतले जात होते, ९५ टक्क्यांची अट अनेक महिने आवाक्याबाहेर राहिली, वापरकर्त्यांनी १ ऑगस्ट २०१७ ची मुदत पुढे केली, त्याच दिवशी बिटकॉइन कॅश हे चलन फुटून वेगळे झाले आणि अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून सेग्विट लागू झाले. वाद मुख्यतः ब्लॉकच्या आकाराचा होता. क्रमांकाचा दोष दूर व्हावा याबद्दल फारसे दुमत नव्हते. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅपरूट या सुधारणेबरोबर आलेल्या श्नॉर या नव्या पद्धतीच्या सह्यांत चावीशिवाय सही बदलण्याची वाट मुळातच ठेवलेली नाही.

आता तिसऱ्या दाव्याबद्दल. दोष आजही तसाच आहे हे म्हणणे अर्धवट अशासाठी, की सेग्विट जुन्या पत्त्यांना आपोआप लागू होत नाही. १ या अंकाने सुरू होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांतून नाणी खर्च केली, तर सही अजूनही क्रमांकाच्या हिशेबात धरली जाते. मोठी एस पुढे न पाठवण्याचा नियम हा नोडचा शिरस्ता आहे, साखळीचा कायदा नाही. त्यामुळे एखाद्या मायनरने मनात आणले तर तो असा बदललेला व्यवहार स्वतःच्या ब्लॉकमध्ये घेऊ शकतो. बीसी१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांतून खर्च करणाऱ्याला ही काळजी नाही.

हा विषय विदर्भातल्या गावाशी कुठे संबंधित आहे, असे काही वाचकांना वाटेल. माझा एक माजी विद्यार्थी आर्वीतल्या आपल्या घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, कापसाच्या हंगामात जिनिंगचे हिशेबही पाहतो. त्याच्याकडे दुरुस्तीसाठी एक दुकानप्रणाली आली होती. तिच्यात खरेदीदाराने पैसे पाठवले की लगेच त्या व्यवहाराचा क्रमांक ऑर्डरसमोर लिहून ठेवला जाई आणि नंतर तोच क्रमांक ब्लॉकमध्ये शोधला जाई. काही ऑर्डरी ‘प्रलंबित’ म्हणून तशाच पडून राहत होत्या, पैसे मात्र दुकानदाराच्या पत्त्यावर जमा झालेले होते. खरेदीदारांनी व्यवहार लवकर नोंदला जावा म्हणून शुल्क वाढवून तो पुन्हा पाठवला होता आणि साहजिकच क्रमांक बदलला होता. हा प्रकार मॅलिएबिलिटीचा नाही, कारण इथे मजकूरच मालकाने स्वतः बदलला, आणि सेग्विटनेही तो थांबत नाही. पण प्रणाली लिहिणाऱ्याची समजूत माउंट गॉक्सच्या काळातलीच होती, की नोंद होण्याआधीचा क्रमांक पक्का असतो. त्या विद्यार्थ्याने प्रत्येक ऑर्डरला स्वतंत्र पत्ता दिला, रक्कम त्या पत्त्यावर जुळवली आणि क्रमांकाची नोंद ब्लॉकमध्ये पुरेशी खोल गेल्यावरच करायला लावली. प्रलंबित ऑर्डरी सुटल्या.

असे काम करणारी मुले आता पुलगाव, दारव्हा, वरूडसारख्या गावांतही आहेत. त्यांना हे बारकावे कळायचे तर त्यांच्या भाषेतल्या वर्तमानपत्राने ते बरोबर छापायला हवेत, कारण इंग्रजी दस्तऐवज वाचण्याआधी विषयाची पहिली ओळख त्यांना तिथेच होते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हॅश आणि डिजिटल सही शिकवली जाते, पण एखाद्या नोंदीची ओळख तिच्या कोणत्या भागावरून काढावी हा प्रश्न विचारला जात नाही. सेग्विटचे उदाहरण त्यासाठी प्रयोगासह शिकवता येईल, आणि अभ्यास मंडळाने त्याचा विचार करावा असे मला आग्रहाने वाटते.

आपल्याला विनंती एवढीच, की येत्या पुरवणीत दुरुस्ती छापताना तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. या दोषाने व्यवहारातील रक्कम किंवा घेणारा कधीच बदलता येत नव्हता. माउंट गॉक्सच्या बुडिताचे कारण म्हणून तो सांगितला गेला, तरी उपलब्ध नोंदी त्याला दुजोरा देत नाहीत. आणि सेग्विट पत्त्यांतून होणाऱ्या व्यवहारांसाठी तो २४ ऑगस्ट २०१७ पासून दूर झालेला आहे, जुन्या पत्त्यांसाठी नाही. वर सांगितलेला पायथॉनचा प्रयोग आपल्या प्रतिनिधीला प्रत्यक्ष पाहायचा असल्यास तो आमच्या संगणक कक्षात कोणत्याही कामाच्या दिवशी दाखवता येईल.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा